लाइन खराब नव्हती

आखातातल्या मनामा शहरात, जुन्या बाजारामागे एका जपानी कंपनीचं ऑफिस होतं. तिथे मी टेलिफोन ऑपरेटर होते. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. कंपनीकडे जवळच्या सित्रा बेटावर तेलाच्या टाक्या उभारायचं काम होतं. माझा नवराही सित्रालाच, पण दुसऱ्या कंपनीत फिटर. मुलगी नुकतीच इंग्रजी शाळेत जायला लागली होती. मी मालवणजवळच्या खेड्यातली. मुंबईला मावशीकडे राहून ऑपरेटरचा कोर्स केला होता, त्यावर ही नोकरी मिळाली.

परदेशी कॉल तेव्हा सरळ लागत नसे. एक्स्चेंजला नंबर द्यायचा, वाट बघायची, तिकडून घंटी आली की माणसाला काचेच्या केबिनमध्ये बसवून लाइन जोडायची. दोन्हीकडचे आवाज नीट पोचतात ना, एवढं सुरुवातीला हेडफोनवर ऐकायचं आणि मग बाजूला व्हायचं. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस. त्या दुपारी साइटवरचे जपानी कामगार कंपनीच्या बसने यायचे. प्रत्येकाला महिन्यातून एक कॉल फुकट. इस्त्रीचे शर्ट घालून पॅसेजमध्ये ओळीने बसायचे, दवाखान्यात बसल्यासारखे. इकडे दुपार, तिकडे जपानात संध्याकाळ.

मला जपानी कळत नव्हतं, पण कानावर पडून पडून ओळखीचं झालं होतं. बोलण्याचा चढउतार, मध्येमध्ये येणारे हुंकार, फोन ठेवतानाची घाई. म्हणून त्या गुरुवारी मी दचकले.

तो माणूस रिगर होता. क्रेनला लोखंडी पत्रे बांधायचे, इशारे करून वर चढवायचे, हे त्याचं काम. पन्नाशीचा, बुटका, आमच्याकडच्या रापण ओढणाऱ्या मच्छीमारांसारखा उन्हाने काळवंडलेला. पॅसेजमध्ये तो नेहमी शेवटच्या खुर्चीवर बसायचा. त्याची लाइन लागली, तिकडून एका म्हातारीचा आवाज आला आणि त्याने बोलायला सुरुवात केली. मला वाटलं लाइन गेली. नुसती खरखर. दातांच्या मागे कुणीतरी शीळ दाबून धरावी तसा आवाज, स म्हणावा तर ज, ज म्हणावा तर मधमाशी. मग ओठ मिटूनच एक लांब म्म. मग फ्फ, व्व, आणि पुन्हा ती शीळ. आपल्याकडे स्वराचा हात धरल्याशिवाय व्यंजन उभं राहत नाही. इथे व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेली.

माझा हात स्विचकडे गेला, पण त्याआधीच एक्स्चेंजची मुलगी मध्ये घुसली. ती इंग्रजीत म्हणाली, "लाइनवर फार आवाज आहे सर. कॉल तोडून पुन्हा जोडू का?"

केबिनमध्ये तो ताडकन उभा राहिला. काचेतून माझ्याकडे बघत, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "नो नॉइज! नो नॉइज! मदर!"

मी एक्स्चेंजला सांगितलं, लाइन ठीक आहे, राहू दे.

पॅसेजमध्ये बसलेले त्याचे सोबती हसत होते. एक जण तोंडाने झूं झूं करून दाखवत होता. ती त्यांच्याच देशातली भाषा, पण त्यांना तिच्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि कळत नाही याची त्यांना मजा वाटत होती. आमचे अकाउंटंट साहेबही केबिनबाहेर येऊन उभे राहिले. ते पुण्याचे. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो वहिनी, हा माणूस बोलतोय की स्टोव्हला पिन मारतोय?" मग स्वतःच खूश होऊन पुढे, "तुमच्या मालवणीच्या वरताण आहे की हे!"

या साहेबांचा राग माझ्या पोटात आधीपासून होता. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ते नाटक बसवायचे. आदल्या वर्षी मी कामासाठी नाव दिलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनींना मोलकरणीचं काम द्या. उच्चार तयारच आहेत, शिकवायला नकोत." सगळे हसले. माझा नवराही हसला. ते काम मी केलं नाही. नंतर कुठल्याच नाटकाला गेले नाही.

पुढच्या महिन्यात तो रिगर लवकर आला आणि माझ्या टेबलापाशी येऊन वाकून आभार मानू लागला, लाइन तोडू दिली नाही म्हणून. त्याला इंग्रजी येत होतं. तुटकं, पण इंजिनिअरांपेक्षा बरं. मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाला, "अमेरिकन बेस. इथे जुफैरला आहे ना नेव्ही, तसा आमच्याकडे. लढाईनंतर अमेरिकन आले, राहिलेच. मी तिथे काम केलं, पुष्कळ वर्षं."

मग कळलं की जपानच्या दक्षिणेला तैवानकडे बेटांची एक माळ गेली आहे. र्युक्यू म्हणतात तिला. एकेकाळी तिथे वेगळं राज्य होतं, वेगळा राजा होता. ओकिनावा हे त्यातलं मोठं बेट. याचं बेट त्याच्याही पलीकडचं, मियाको. तिथली भाषा ओकिनावाच्या माणसालाही कळत नाही, मग टोकियोवाल्याला कुठून कळणार?

"म्हणजे बोली," मी म्हटलं. मला तोच शब्द शिकवलेला होता.

"ते म्हणतात बोली," तो म्हणाला. "शाळेत म्हणायचे घाण सवय."

त्याच्या शाळेत एक लाकडी पाटी होती. बेटाची भाषा बोलताना पोर सापडलं की मास्तर ती त्याच्या गळ्यात अडकवायचे. उतरवायची असेल तर एकच वाट होती. दुसऱ्या कुणाला तरी तसं बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटेपर्यंत ज्याच्या गळ्यात राहील त्या पोराला मार. "पकडायचं कसं? सगळे गप्प," तो सांगत होता. "म्हणून पाय तुडवायचा. जोरात. दुखलं की मुलगा ओरडतो, अगाइ! ते आमचं. जपानी नाही. झालं, पाटी त्याला."

हे सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही. सात-आठ वर्षांची पोरं एकमेकांचे पाय तुडवतायत, आणि कळवळून जो शब्द तोंडातून येतो त्याचीच शिक्षा. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? त्याच्या बायकोपोरांचं मी विचारलं. मुलगे शहरात होते, जपानीच बोलायचे. त्याची भाषा त्यांना थोडी कळायची, बोलता यायची नाही. "आता पाटी नाही," तो म्हणाला. "गरज नाही."

लाइन लागेपर्यंत तो मला शब्द सांगायचा. म्म म्हणजे रताळं. नुसतं म्म, दुसरं काही नाही. इम म्हणजे समुद्र. फ्फा म्हणजे मूल. व्व म्हणजे तू. मी म्हणून बघितलं की तो मान हलवायचा, नाही, असं नाही, आणि ओठ दाखवायचा. माझ्याकडून त्याने दर्या हा शब्द घेतला आणि झील. मुलाला झील म्हणतात हे त्याला फार आवडलं. ज्या आवाजाला मी खरखर समजले होते त्यात हळूहळू मला शब्द सुटे ऐकू यायला लागले. अर्थ नाही, पण इथे एक संपला, इथे दुसरा सुरू झाला, एवढं. तिकडून म्हातारी फ्फा म्हणाली की मला कळायचं.

घरी वेगळंच चाललं होतं. मुलीच्या शाळेने पालकांना बोलावून सांगितलं, घरीसुद्धा इंग्रजीच बोला, नाहीतर मूल मागे पडतं. नवऱ्याने ते देववाणीसारखं मानलं. स्वतः साइटवर हिंदी, अरबी, इंग्रजीची खिचडी बोलणारा माणूस, घरी येऊन मुलीला "ईट युवर भात" म्हणायला लागला. मी मालवणीत बोलले की मुलीसमोर मला टोकायचा. एकदा मुलीच्या दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या. मी आतून हाक मारली, "गो बाय, हय ये मगे." ती आत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मम्मी, डोंट टॉक लाइक दॅट. दे थिंक यू आर फायटिंग."

मी भांडत नव्हते. मी तिला लाडू द्यायला बोलावत होते.

तिकडे ऑफिसात डेप्युटी मॅनेजर बदलून नवे आले. तरुण, गुळगुळीत, टोकियोचे. पहिल्याच महिन्यात त्यांनी रिगरला केबिनमध्ये बोलताना ऐकलं. तोंड असं केलं जणू कुणी गालिच्यावर थुंकलं. शनिवारी ऑफिस उघडताच मला बोलावलं. समोर अकाउंटंट साहेब बसलेले.

"ऑफिसच्या फोनवर यापुढे जपानी किंवा इंग्रजी," डेप्युटी म्हणाले. "इथे क्लायंट येतात. मंत्रालयाची माणसं येतात. आपल्या कंपनीत कुठली माणसं आहेत असं त्यांना वाटेल?"

मी म्हटलं, "सर, तो त्याच्या आईशी बोलतो. तिला जपानी येत नाही."

"जपानात सगळ्यांना जपानी येतं."

"तिला येत नाही, सर."

"मग शिकेल. त्याने ती भाषा सुरू केली की तुम्ही लाइन कापायची. तुमची जबाबदारी."

बाहेर आल्यावर अकाउंटंट साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, बरोबर आहे त्यांचं. घरात काहीही बोलावं. चारचौघांत प्रमाण भाषा हवी. आपल्याकडेही तसंच असतं ना?"

आपल्याकडेही तसंच असतं. हे वाक्य त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. ते त्यांचं समर्थन होतं. मी बोर्डाकडे परत गेले. नोकरी हवी होती. घरात दोन पगारांवर बेत ठरलेले होते.

पुढच्या महिन्यात आपल्या कॉलच्या गुरुवारी रिगर आला. हुकूम त्याला साइटवरच कळला होता. शेवटच्या खुर्चीवर बसून तो ओठ हलवत होता, काय बोलायचं त्याची तयारी करत असल्यासारखा. डेप्युटी माझ्या बोर्डामागे येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. लाइन लागली. मी हेडफोन काढला नाही. डेप्युटींनीच सांगितलं होतं, ऐकत राहा.

त्याने जपानीत सुरुवात केली. नीट, सावकाश, शाळेत कविता म्हणतात तशी. तिकडून म्हातारी गप्प. तो पुन्हा बोलला. उपग्रहावरून आवाज जाऊन यायला तेव्हा क्षणभर लागायचा, म्हणून आधी मला वाटलं तेवढाच उशीर आहे. पण ती गप्पच होती. मग तिने बारीक आवाजात काहीतरी विचारलं. तो पुन्हा जपानीत बोलला. आणि म्हातारी रडायला लागली. साधं रडणं नाही. आमच्याकडे दारात प्रेत आलं की बायका जसा गळा काढतात, तसा. हेडफोनमधून ते थेट माझ्या कानात शिरलं.

का रडत होती ते त्याने मला नंतर सांगितलं. गावातल्या सहकारी दुकानात एकच फोन होता, तिथे तिला बोलावून आणायचे. तिच्या आयुष्यात जपानी बोलणारा माणूस म्हणजे पोलीस, लष्कर किंवा सरकारी कारकून. लढाईत तिचा थोरला मुलगा गेला, ती बातमी अशाच नीटनेटक्या जपानीत आली होती. त्यामुळे फोनवर परकी, अदबशीर जपानी ऐकून तिला वाटलं की कंपनीचा कुणी साहेब बोलतोय. म्हणजे धाकटाही गेला.

त्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त काचेतून बघत होते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो ओरडला, आपल्या भाषेत, एवढ्याने की काचेबाहेर ऐकू आलं. व्व, व्व, आणि ती शीळ, आणि मग भरभर, थांबता न येणारं बोलणं. म्हातारीचं रडणं अडखळलं. ती काहीतरी विचारू लागली, तो उत्तर देऊ लागला.

डेप्युटी माझ्या खांद्याशी वाकून म्हणाले, "कट."

मी दोन्ही हात बोर्डावरून उचलून मांडीवर ठेवले.

"कट इट. आय सेड कट."

माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी हेडफोन डोक्यावरून काढला, उभी राहिले, तो त्यांच्या छातीवर धरला आणि तोंडाला आलं ते बोलले. इंग्रजी सुचलंच नाही. अकाउंटंट साहेबांची प्रमाण भाषाही सुचली नाही. "मेल्या, आवशीवांगडा बोलता तो! आवशीवांगडा बोलाक तुझी परवानगी कित्याक व्हयी? मी नाय कापूचंय. तुका कापूचा हा तर तूच काप. तुझ्या हातान काप बघया!"

आईशी बोलायला तुझी परवानगी कशाला हवी, हे तर विचारलंच, आणखीही बोलले. ते लिहिण्यासारखं नाही. आमच्या किनाऱ्यावर माशांचा लिलाव फसला की जे बोलतात ते.

पॅसेजमधले जपानी उठून उभे राहिले होते. झूं झूं करणारा खाली बघत होता. अकाउंटंट साहेब धावत आले, "वहिनी, वहिनी, काय चालवलंय हे, शांत व्हा." डेप्युटींच्या हातात हेडफोन होता आणि बोर्डावर कुठली वायर कुठे जाते याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी एक ओढली. ती दुसऱ्याच लाइनची निघाली. रिगरचं बोलणं चालू राहिलं. म्हातारी शेवटी हसली म्हणे. मी तेवढ्यासाठी थांबले नव्हते. पर्स उचलून बाहेर पडले होते.

नोकरी गेली. नवरा आठवडाभर बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, "कुठल्या कोण जपान्यासाठी?" मी म्हटलं, त्याच्यासाठी नाही. मग कुणासाठी, असं त्याने विचारलं. मी ताटं उचलून आत गेले, कारण मला परत भांडायचं नव्हतं, आणि तो हसला होता ती गणपतीतली संध्याकाळ मी विसरले नव्हते. काही महिन्यांनी बाजारातल्या एका गुजराती कापडवाल्याकडे मला काम मिळालं. पगार कमी. तिथे गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलायचं, एवढाच नियम होता.

रिगरचा फुकटचा कॉल बंद झाला. तो कामावर राहिला. चांगला रिगर सहज मिळत नाही. मनामात सार्वजनिक टेलिफोनचा हॉल होता, तिथे तो स्वतःच्या पैशाने बोलायला यायचा. मुंबईला मावशीकडे फोन लावायला मी एकदा गेले तेव्हा मला दिसला. शुक्रवारची गर्दी. एका केबिनमध्ये मल्याळी, एकात पठाण, एकात आमचा रत्नागिरीचा कुणी मुसलमान "गो अम्मा, आयकतंय गो?" करून घसा फोडत होता. सगळेच ओरडत होते, तिथे ओरडल्याशिवाय ऐकूच जात नसे. तो त्यांच्यातच होता, काचेच्या आत, हातवारे करत. कुणी वळून बघत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याने मला कोपऱ्यावर चहा पाजला. तेव्हाच म्हातारीचं ते रडणं त्याने समजावून सांगितलं. म्हणाला, लढाईत ओकिनावाला जपानी शिपाई आमच्या बेटांची भाषा बोलणाऱ्याला हेर समजत. त्यात माणसं मारली गेली. माझ्या आईने ते ऐकलेलं आहे. तरी त्या दिवशी ती मला ओरडली. जपानीत का बोललास म्हणून. उठताना तो "तंदिगा तंदि" म्हणाला, म्हणजे आभार. मी ते दोनदा म्हणून बघितलं. या वेळी त्याने मान हलवली नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी त्याचं काँट्रॅक्ट संपलं आणि तो गेला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एकदा, घरी नव्याने बसवलेल्या फोनवर गावाहून कॉल आला. माझे वडील मालवणच्या इस्पितळातून बरे होऊन घरी आले होते. भावाने तालुक्याच्या पोस्टात ट्रंक कॉल बुक केला आणि मोठ्या कौतुकाने आईला बोलायला उभं केलं. मी कापडवाल्याकडे होते. मुलगी शाळेतून नुकतीच आलेली. आजी म्हणाली असणार, "कोण गो? बाय? तुझी आवस खंय गेली?" मुलीने सांगितलं, "सॉरी, राँग नंबर," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिने ते मला सहज सांगितलं. कुणीतरी बाई काहीतरी बडबडत होती, लाइनपण खराब होती. महिन्याने भावाचं पत्र आलं तेव्हा मला कळलं ती बाई कोण.

मुलीवर मी ओरडले नाही. तिची काय चूक? पण त्या रात्री जेवताना नवऱ्याला मी विचारलं, लाइन कोणी खराब केली? मी शाळेला शिव्या दिल्या, अकाउंटंट साहेबांना दिल्या, त्या डेप्युटीला दिल्या, नवऱ्याला तोंडावर दिल्या. सगळ्या मालवणीत. मुलगी घास हातात धरून ऐकत होती.

त्या सुट्टीत मी तिला दोन महिने आईकडे ठेवलं. नवरा नको म्हणत होता, अभ्यास बुडेल म्हणाला. मी त्याला विचारलं नव्हतंच, तिकीट काढलं होतं. परत आली तेव्हा तिला मालवणी कळत होती, पण बोलायची नाही. उत्तर इंग्रजीतच. फक्त आजीशी फोनवर बोलताना दार लावून घ्यायची. आत ती कुठल्या भाषेत बोलते ते मी कधी ऐकायला गेले नाही.